नागपुरात नवीन राहायला गेलात? कमी पैशात शहर ओळखीचं करा

मैत्रिणींनो, रोहणा आणि आसपासच्या गावांतून नागपूरला राहायला जाणाऱ्या बाया आता कमी नाहीत. कोणाचा नवरा बुटीबोरीच्या एमआयडीसीत लागतो, कोणाच्या मुलीला कॉलेज मिळते. पण गेल्यावर बहुतेक जणी खोलीतच बसून राहतात. "बाहेर पडलं की पैसे लागतात, अन् रस्ता चुकली तर?" ही भीती असते. खरं म्हणजे शहर माहीत नसणंच जास्त महाग पडते.

हिशोब करून पाहा. समजा एका फेरीला रिक्षावाला 60 रुपये घेतो आणि तोच रस्ता बसने 15 रुपयांत होतो. जाऊन-येऊन 90 रुपये वाचले. महिन्यात अशा आठ खेपा झाल्या तर 720 रुपये! ही तर गटाची कित्येक महिन्यांची बचत झाली.

जाताना : एस.टी.त महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. पुलगावहून रेल्वेही आहे. दोन्हींचं भाडं विचारा, मगच ठरवा. ही अर्ध्या तिकिटाची सवलत एस.टी.ची आहे, मेट्रोत ती धरू नका. शहर बसमध्ये काय सवलत आहे ते कंडक्टरलाच विचारा.

एक खूण पक्की करा : ती म्हणजे सीताबर्डी. मेट्रोच्या दोन्ही लाइनी इथेच एकमेकींना भेटतात. एक खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरी लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. रेल्वे स्टेशनलाही मेट्रोचा थांबा आहे. कुठेही चुकलात तरी "बर्डीला कसं जायचं?" एवढं विचारता आलं पाहिजे. आपल्या खोलीजवळचा बस थांबा, मेट्रो स्टेशन आणि एखादी मोठी खूण कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाईल बंद पडला तरी कागद कामी येते.

पहिले चार रविवार : दर रविवारी एकच बाजू पाहा, शक्यतो शेजारणीला सोबत घेऊन. एकदा दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली ती ही जागा, आणि इथे तिकीट नाही. एकदा स्टेशनजवळचा टेकडी गणपती. एकदा फुटाळा तलाव, संध्याकाळी पोरांना घेऊन. आणि एकदा अजब बंगला, म्हणजे 1863 मध्ये सुरू झालेलं जुनं संग्रहालय. ते सोमवारी बंद असते. घरून डबा आणि पाण्याची बाटली नेली की बाहेरच्या नाश्त्याचा खर्च वाचला.

बाजार : मंगळवारी, बुधवारी, शनिवारी, इतवारी ही नागपुरातल्या वस्त्यांची नावं बाजाराच्या वारांवरूनच पडली आहेत. आजही वस्तीवस्तीत आठवडी बाजार भरतात. आपल्या भागातला बाजार कोणत्या वारी असतो ते आधी विचारा. कॉटन मार्केटात भाजी ठोकात मिळते. तीन-चार जणींनी मिळून घेतली आणि वाटून घेतली तर परवडते.

रेशन : गावचं कार्ड आहे म्हणून शहरात धान्य मिळत नाही, असं समजू नका. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे आधार जोडलेलं असलं तर नागपुरातल्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येते. पण ते त्याच घरच्या कोट्यातून कटते, दोनदा मिळत नाही. म्हणून गावी सासू-सासरे असतील तर कोणी किती उचलायचं ते आधी बोलून घ्या.

अडचणीत : तातडीच्या मदतीसाठी 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. हे नंबर लेकरांनाही पाठ करून द्या.

आणि गटाचं काय? गाव सुटलं म्हणून गट सुटला असं होत नाही. जाण्याआधी बैठकीत सांगा. बचत आणि कर्जाचा हप्ता कसा भरणार ते ठरवून ठरावात लिहून घ्या. हप्ता थकला तर बोजा मागे राहिलेल्या मैत्रिणींवर येतो.

फिरण्याचा खर्च गटाच्या वहीसारखाच लिहा : तारीख, कुठे गेलो, किती लागले. महिन्याभरात कोणती बस स्वस्त, कोणता बाजार बरा हे वहीच सांगेल. आणि पुढे गावची दुसरी ताई नागपूरला निघाली की ती वही तिला वाचायला द्या.