मैदान वाचताना (भाग ६) : सत्तर किलोतला पोरगा

प्रो कबड्डीचा लिलाव संपला की कोटींत गेलेल्या खेळाडूंवर आपल्या पट्ट्यात फारसं कुणी बोलत नाही. त्यांचं काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. दिवा-रोहा मेमू पेण सोडून कासूकडे निघाली की डब्यात वाद पेटतो तो यू मुंबानं आणि पुणेरी पलटणनं उचललेल्या नव्या पोरांवरून. कुठल्या मंडळाचा? उजवीकडून चढाई करतो की डावीकडून? मुंबईत व्यावसायिक गटात खेळलाय का? आणि शेवटी ठरलेला प्रश्न, चालेल का?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. पेण, रोहा, अलिबाग या तालुक्यांत कबड्डी टीव्हीवर आली त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं मैदानाच्या कडेला उभी राहून पोरं जोखत आली आहेत. २०१९ मध्ये रोह्याला पुरुषांची ६६वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारतीय रेल्वे जिंकली, सेनादल उपविजेतं ठरलं. ज्या खेळाडूंना एरवी पडद्यावर पाहायचं, ते कासूपासून दोन स्टेशनं ओलांडली की समोर खेळत होते. ही नजर कमावलेली आहे. पण मातीवर आणि गावच्या स्पर्धांत कमावलेल्या नजरेला लीगचा नवा खेळाडू पाहताना काही गोष्टी निसटतात, आणि आजचा भाग त्यांच्यासाठी आहे.

मागच्या भागात लिलावाचा हिशेब पाहिला : अलीकडच्या मोसमांत प्रत्येक संघाला पाच कोटींची मर्यादा, आणि ‘अ’ गटातल्या खेळाडूची पायाभूत किंमत तीस लाख. नवी तरुण मुलं बहुतेक या बोलीच्या बाहेरूनच येतात. ‘न्यू यंग प्लेयर’ या गटात संघ त्यांच्याशी थेट करार करतात. त्यामुळे चाहत्याच्या हातात किंमतही नसते, जिच्यावरून संघाला तो किती हवा होता हे कळावं. हातात असतात मोबाइलवर फिरणाऱ्या चार-दोन चढाया, आणि त्या सगळ्या यशस्वी. पकडल्या गेलेल्या चढाईची चित्रफीत कुणी पाठवत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न वजनाचा विचारा. कुमार गटात मुलाचं वजन सत्तर किलोपर्यंत चालतं. पुरुष गटात आणि प्रो कबड्डीत ही मर्यादा पंच्याऐंशी किलोची आहे. कुमार राज्य स्पर्धेत गाजलेला चढाईपटू एका वर्षात ज्या बचावासमोर उभा राहतो, त्यातला मध्यरक्षक त्याच्यापेक्षा दहा-पंधरा किलोंनी भारी असतो. कुमार गटात ज्या धडकेतून तो सुटून मध्यरेषा गाठायचा, तीच धडक इथे त्याला थेट मैदानाबाहेर फेकते. म्हणून गुण कसे मिळवलेत ते पाहावं. अंगाच्या जोरावर, पकड ओढत नेऊन आणलेले गुण पुढच्या वजनात टिकतीलच असं नाही. धावता हात लावून, पायाच्या टोकानं स्पर्श करून, बचावाची साखळी जुळायच्या आत परत फिरून मिळवलेले गुण टिकायची शक्यता बरीच जास्त, कारण त्यात अंगाला अंग लागतच नाही. डुबकी या दोहोंच्या मधे बसते. उंचीनं कमी, कंबरेत लवचीक पोरगा ती कुठल्याही वजनात मारू शकतो, पण समोरचे रक्षक खाली वाकायला शिकले की ती महाग पडते.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्याकडे भात निघाल्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर, रोलर फिरवून, प्रकाशझोतात सामने होतात. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो, आणि ते घसरणं चांगल्या चढाईपटूनं आपल्या चालीत मुरवून घेतलेलं असतं. मॅटवर बूट घट्ट धरतात. वळणं झपकन होतं, मात्र झटका गुडघ्याला आणि घोट्याला बसतो. उलट मातीवर अंग सोलवटेल म्हणून जो रक्षक सूर मारायला कचरतो, तो मॅटवर बिनधास्त घोट्यावर झेपावतो. म्हणून गावच्या मैदानावरचा राजा मॅटवर पहिले काही महिने चाचपडताना दिसला, तर त्याला लगेच मोडीत काढू नये.

आता आकडे. ‘पाच सामन्यांत तीस गुण’ हे वाक्य ऐकलं की त्याचे तुकडे पाडायची सवय लावून घ्या. त्यातले बोनस किती? बोनस समोर सहा किंवा सात रक्षक असतानाच मिळतो. तो कौशल्याचा गुण आहे यात शंका नाही, पण त्यानं समोरचा एकही गडी बाहेर जात नाही आणि आपला बाहेर बसलेला गडी आत येत नाही. लोण चढतो तो गडी मारून. त्याहून मोलाची तिसरी चढाई : आधीच्या दोन रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. बचावाला हे माहीत असतं, म्हणून तो वाट बघत बसतो. संघात नव्या पोराकडे ही चढाई कितव्या सामन्यापासून सोपवली जाते, यावरून प्रशिक्षकाचं त्याच्याविषयीचं मत उघड दिसतं. मुलाखतीत तो काहीही बोलो.

पण या सगळ्याच्या वर मी ठेवीन ती जागा. पोरगा कितीही चांगला असो, त्याला सातात जागा मिळायला हवी. २०२२ च्या नवव्या मोसमात तमिळ थलायवाजनं पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख मोजले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. चढाईचा भार नरेंदर या नव्या तरुण खेळाडूवर आला. त्यानं त्या मोसमात दोनशेहून जास्त चढाई-गुण घेतले आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. पवन तंदुरुस्त असता तर नरेंदर बहुधा तिसरा चढाईपटू म्हणून बाकावर बसला असता, आणि आपण म्हटलं असतं, पोरात दम नाही. पुण्याचंही तसंच. आठव्या मोसमात राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावं हाताशी होती, पण मोसम अंगावर घेतला तो नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारनं आणि मोहित गोयतनं. दोघंही तेव्हा नवखे होते.

उलट उदाहरण परदीप नरवालचं. २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सकडून त्याला फार थोडी संधी मिळाली आणि लक्षात राहावं असं काही घडलं नाही. पुढच्याच मोसमात तो पाटणा पायरेट्सकडे गेला, आणि २०१७ मध्ये त्यानं एका मोसमात ३६९ चढाई-गुण केले. पोरगा तोच होता. असे अंदाज दुसऱ्या खेळांतही चुकतात. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये नव्या खेळाडूंची निवड फेऱ्यांनी होते, आणि तिथले चाहतेही पहिल्या फेरीतल्या नावांवर तावातावानं बोलतात. १९८८ मध्ये माइक पियाझा थेट ६२व्या फेरीत निवडला गेला. २०१६ मध्ये त्या खेळाच्या सर्वोच्च सन्मानितांत त्याचं नाव लागलं.

म्हणून एका मोसमावर निकाल देण्याची घाई मला पटत नाही. मुंबईचा पंकज मोहिते २०१९ मध्ये पुणेरी पलटणकडून आला आणि पहिल्याच वर्षी चमकला. नंतरच्या काळात कधी आत, कधी बाहेर. तेव्हा त्याला सोडा म्हणणारे आपल्याकडे कमी नव्हते. संघानं ठेवला. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्ध अंतिम सामना २८-२५ असा सुटला, पुण्याला पहिलं विजेतेपद मिळालं, आणि त्या सामन्यात एका चढाईत चार गुण आणणारा पंकजच होता. तीन गुणांनी जिंकलेल्या सामन्यात चार गुणांची चढाई!

शरीराचं मात्र कुणालाच सांगता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांना आला, दोनशेवर गुण घेतले, आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. तिथेही त्यानं दोनशे ओलांडले. मग खांदा दुखावला आणि आठव्या मोसमातले बहुतेक सामने बाहेर बसून गेले. त्याच्या खेळाविषयी आपण जे म्हणत होतो ते खरंच होतं. खांद्याविषयी कुणी काही म्हटलं नव्हतं.

बचावपटूंवर अजून आलोच नाही, आणि डब्यातल्या चर्चेतही ते शेवटीच येतात. हा अन्याय मला खुपतो. आपल्या पट्ट्यातला एखादा पोरगा लीगमध्ये कोपरारक्षक म्हणून गेला, तर त्याच्या पकडी मोजू नका, त्याच्या न केलेल्या पकडी मोजा. चढाईपटू वेळ काढायला आलाय, निदान रेषा ओलांडून परत निघालाय, आपण दोन गुणांनी पुढे आहोत, आणि तरीही नवा कोपरा पुढे झेपावतो. यालाच ‘अ‍ॅडव्हान्स टॅकल’ म्हणतात. ती फसली की फुकटचा गुण जातो, सोबत आधाराला धावलेला मध्यरक्षकही जातो. जो विशीतला पोरगा त्या क्षणी हात आखडता घेऊन जागेवर थांबतो, त्याचं नाव वहीत लिहून ठेवा. कोपरा आणि मध्यरक्षक यांच्या जोड्या कशा जमतात, ते पुढच्या आठवड्यात.