मोठी डिझेल गाडी घ्यावी का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर उतरला. १५०० सीसीहून मोठे इंजिन आणि ४ मीटरहून जास्त लांबी असलेल्या या गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस असे ५० टक्के लागत. आता सेस गेला, जीएसटी ४० टक्के झाला. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मोठी डिझेल गाडी घ्यायची आहे, पण नव्या डिझेल गाड्या फार त्रास देतात म्हणतात, ते खरे का? विचारणारे बरेचसे नुकतेच निवृत्त झालेले असतात आणि गाडीत जाणारा पैसा ग्रॅच्युइटीचा असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक आधी कंपनी कोणती चांगली ते विचारतात. आम्ही उलट विचारतो, गाडी चालणार कुठे?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत डीपीएफ नावाची गाळणी असते. इंजिनातून निघणारी काजळी तिच्यात अडकते. गाळणी भरत आली की गाडी आपोआप जास्तीचे डिझेल वापरून तिच्यातले तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर बऱ्या वेगाने सलग १५-२० मिनिटे चालावी लागते. सुदामानगरहून राजवाडा, तिथून भाजी घेऊन घरी, अशा चालीत ही संधी मिळतच नाही. काजळी जळायला सुरुवात होते आणि आपण किल्ली फिरवून गाडी बंद करतो. असे चार-सहा वेळा झाले की डॅशबोर्डवर दिवा लागतो, पुढे गाडीचा जोर कमी होतो आणि शेवटी ती सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी लागते. गाळणीच बदलावी लागली तर मोठ्या गाडीचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. काजळी जाळण्यासाठी सोडलेले जास्तीचे डिझेल प्रक्रिया अर्धवट राहिली की थोडे थोडे इंजिन ऑइलमध्ये उतरते. पूर्वी डिपस्टिकवर ऑइल कमी दिसले की काळजी वाटे. आता ते वाढलेले दिसले तर काळजी करावी, कारण पातळ झालेले ऑइल टर्बो आणि बेअरिंग दोन्ही खाते.

बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत अ‍ॅडब्लू नावाचे युरियाचे पाणीही लागते. त्याची टाकी वेगळी असते. ते पूर्ण संपले तर गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. ते स्वस्त आहे, पण चुकून डिझेलच्या टाकीत ओतले तर फार महागात पडते. पंपावर भरणाऱ्या मुलाकडे लक्ष ठेवावे.

म्हणजे डिझेल वाईट का? मुळीच नाही. ज्यांची मुले पुण्याला आहेत आणि जे सेंधवा-धुळे-नाशिक करत वर्षातून सहा-आठ वेळा ये-जा करतात, त्यांच्यासाठी आजही याहून बरी गाडी नाही. एका बाजूला सुमारे ६०० किलोमीटर, सहा माणसे, सामान आणि बिजासनचा घाट. तिथे डिझेलचा जोर कळतो आणि गाळणीही आपोआप साफ होते.

आता हिशेब. त्याच गाडीचे डिझेल मॉडेल दीड लाखाने महाग धरू. पेट्रोल १०७ रुपये लिटर आणि सरासरी १०, डिझेल ९२ रुपये आणि सरासरी १४ धरली, तर किलोमीटरमागे साधारण ४ रुपये वाचतात. दीड लाख वसूल व्हायला ३७-३८ हजार किलोमीटर लागतील. वर्षाला १५ हजार चालवणाऱ्याला अडीच वर्षे, ६ हजार चालवणाऱ्याला सहा वर्षांहून जास्त. आणि या दुसऱ्याच माणसाची गाळणी चोंदण्याची शक्यता अधिक! एका दुरुस्तीत सहा वर्षांची बचत गेली.

कर्ज घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. २० लाख, ७ वर्षे, ९ टक्के दर धरला तर हप्ता सुमारे ३२,२०० रुपये, आणि एकूण व्याज ७ लाखांच्या वर. हप्ते सात वर्षांचे आणि वॉरंटी बहुधा तीन वर्षांची. मधली चार वर्षे हप्ताही आपला आणि दुरुस्तीही आपली. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपण्याआधीच घ्यावी लागते. तिच्यात डीपीएफ, इंजेक्टर आणि टर्बो येतात का, आणि गाळणी चोंदली तर ‘वापरातला दोष’ म्हणून हात झटकणार का, हे लेखी घ्यावे. सेल्समन तोंडी ‘सगळं कव्हर आहे, अंकल’ म्हणतो. क्लेमच्या वेळी तो दुसऱ्या शोरूमला गेलेला असतो.

ज्यांचे दिल्ली-नोएडाकडे जाणेयेणे आहे त्यांनी तिकडचा नियमही पाहून घ्यावा. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांबद्दल तिथे २०१५ मध्ये हरित लवादाचा आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला, २०२५ मध्ये त्यात फेरबदलही झाले. दहा-बारा वर्षे गाडी ठेवायची तर हे विचारात घ्यावेच लागते.

आमचे मत विचाराल तर वर्षाला दहा हजारांच्या खाली आणि तेही शहरात चालवणाऱ्यांनी पेट्रोल किंवा हायब्रिड पाहावी. पुण्याच्या दोन फेऱ्यांपुरती मोठी गाडी भाड्याने मिळते.

जुनी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘डॉक्टरसाहेबांची गाडी, चार वर्षांत फक्त १८ हजार किलोमीटर’ हे पेट्रोल गाडीला भूषण, बीएस-६ डिझेलला नाही. ती गाडी घर ते दवाखाना अशीच फिरलेली असणार. त्यापेक्षा हायवेवर ६० हजार चाललेली आणि सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली गाडी आम्ही आधी बघू. पाहायला जाल तेव्हा मेकॅनिक सोबत न्या, गाडी थंड असताना डिपस्टिक काढून ऑइल वरच्या खुणेच्या वर तर नाही ना आणि त्याला डिझेलचा वास येत नाही ना, हे बघा.