घोडा कुणाचा?

१९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने घोडेस्वारीतल्या ड्रेसाज या प्रकाराचे सांघिक सुवर्णपदक जिंकले आणि पुढच्याच वर्षी ते परत घेण्यात आले. संघातला एक स्वार, गेनॉल पेर्सॉन, मुळात सार्जंट होता, एवढाच गुन्हा. लष्करातून येणारा स्पर्धक अधिकारीच असला पाहिजे, असा त्या काळी ऑलिंपिक घोडेस्वारीचा नियम होता. स्वीडनने पेर्सॉनला स्पर्धेपुरती लेफ्टनंटची बढती दिली आणि स्पर्धा आटोपल्यावर ती काढून घेतली. हे बाहेर आले आणि पदक फ्रान्सकडे गेले. १९५२ला नियम सैल झाला. मग १९५२ आणि १९५६, दोन्ही वेळी स्वीडनने सुवर्ण जिंकले आणि दोन्ही संघांत पेर्सॉन होता. माणूस तोच, मांड तीच. फक्त त्याला आत घेणारा नियम नवा होता.

घोडेस्वारीच्या सर्वच प्रकारांत कूळ, ओळखी आणि गुणवत्ता यांचा असा झगडा दिसतो. पण त्याचे सगळे पदर उलगडून पाहायचे तर इव्हेंटिंगकडे वळावे लागते.

परीक्षा कसली असते?

१९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून खेळला जाणारा हा प्रकार मुळात लष्करी घोड्याची आणि अधिकाऱ्याची कसोटी होता. आधी ड्रेसाज: आखीव रिंगणात घोड्याची शिस्त आणि लवचीकपणा. मग क्रॉस-कंट्री: माळ, उतार, पाणवठे, खंदक आणि पक्क्या ओंडक्यांचे अडथळे. शेवटी शो-जंपिंग: आदल्या दिवशी दमलेला घोडा पडणाऱ्या दांड्यांवरून किती जपून उडी घेतो, ते इथे कळते. तिन्ही टप्प्यांत स्वार आणि घोडा ही एकच जोडी, आणि स्त्री-पुरुष एकाच गटात.

सर्वोच्च म्हणजे पंचतारांकित पातळीवर क्रॉस-कंट्रीचा मार्ग सहा किलोमीटरांहून लांब असतो. मिनिटाला ५७० मीटर वेग राखायचा, चाळीसच्या आसपास उड्या घ्यायच्या आणि अकरा-बारा मिनिटांत परतायचे. ठरल्या वेळेपेक्षा प्रत्येक जादा सेकंदाला ०.४ दंडगुण, घोडा अडला तर २०. स्वार हा मार्ग आधी पायी चालून पाठ करतो. घोड्याला मात्र प्रत्येक अडथळा त्या क्षणीच दिसतो. समोर काय आहे ते ठाऊक नसताना तो झेप घेतो, ती पाठीवरच्या माणसावर भरवसा ठेवून. हा भरवसा वर्षानुवर्षांच्या सहवासातून येतो, आणि ती वर्षे कुणीतरी पैसे मोजून पोसलेली असतात.

बंद दारे

ऑलिंपिक इव्हेंटिंगमध्ये १९५२पर्यंत हुद्द्याचे दार बंद होते, १९६४पर्यंत स्त्रियांचे. ब्रिटनच्या शीला विलकॉक्सने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे बॅडमिंटनची स्पर्धा जिंकली. बॅडमिंटन हे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातले ब्युफोर्टच्या ड्यूकचे वतन. ब्रिटिश स्वारांना ऑलिंपिकची तयारी करता यावी म्हणून त्याने १९४९मध्ये तिथे ही स्पर्धा सुरू केली. जगातली सर्वांत अवघड मानली जाणारी ही स्पर्धा लागोपाठ तीनदा जिंकणाऱ्या बाईला तिच्या ऐन भरात ऑलिंपिकचे इव्हेंटिंग बंद होते. १९६४च्या टोकियोत अमेरिकेची लाना ड्यू पाँट या प्रकारात उतरलेली पहिली स्त्री ठरली आणि सांघिक रौप्य घेऊन परतली. तिचे आडनाव अमेरिकेतल्या गडगंज उद्योगपती घराण्याचे होते. दार उघडते तेव्हाही उंबऱ्याशी पोचलेली माणसे बहुधा अशीच असतात.

आडनाव कुठवर पोचवते?

इंग्लंडची राजकन्या ॲन १९७१मध्ये युरोपीय विजेती झाली, ती राणीच्याच पागेत जन्मलेल्या डब्लेट या घोड्यावर. १९७६ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ती गुडविल या राणीच्याच घोड्यावर होती. क्रॉस-कंट्रीत ती पडली, डोक्याला मार बसला, तरी पुन्हा स्वार होऊन तिने फेरी पुरी केली. तिची मुलगी झारा २००६ची जगज्जेती. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिला सांघिक रौप्य मिळाले आणि ते आईच्याच हस्ते गळ्यात पडले. राजघराण्यामुळे उत्तम घोडा, उत्तम गुरू आणि सरावाला मोकळे रान मिळते. पण ओंडक्यासमोर घोडा अडला तर तिथे आडनाव कामी येत नाही. या मायलेकींनी जे मिळवले ते कष्टानेच. मात्र तेवढेच कष्ट करायची तयारी असलेल्या किती मुलींना घोडाच मिळाला नाही, याची नोंद कुठल्याही निकालपत्रकात सापडत नाही.

गुणवत्ता वेगळी काढून दाखवायची तर ल्युसिंडा ग्रीनचे उदाहरण घ्यावे. १९७३ ते १९८४ या काळात तिने बॅडमिंटन सहा वेळा जिंकले, सहा वेगवेगळ्या घोड्यांवर. घोडा बदलला तरी निकाल तोच, म्हणजे कौशल्य स्वाराचेच. तरी या मालिकेतला पहिला घोडा, बी फेअर, तिला पंधराव्या वाढदिवसाला आईवडिलांनी दिला होता, आणि वडील ब्रिटिश सैन्यात मेजर जनरल होते. सहा घोड्यांवर जिंकणारी ल्युसिंडा जगाला दिसली, कारण पहिला घोडा घरातून आला.

दुसऱ्या वाटा

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली मेरी किंग श्रीमंताघरची नव्हती. तिचे वडील गावच्या चर्चमध्ये सेवेकरी होते. तिने शीला विलकॉक्सच्या तबेल्यात उमेदवारी केली: पहाटेपासून लीद काढायची, खरारा करायचा, खोगिरे पुसायची आणि त्या बदल्यात शिकायचे. पुढे स्वतःचा खर्च भागवायला तिने खाटकाचा माल घरोघर पोचवण्यासारखी कामे केली. तीच मेरी सहा ऑलिंपिक खेळली आणि बॅडमिंटन दोनदा जिंकली. दूधवाल्याचा मुलगा ऑलिव्हर टाउनएंड यॉर्कशरमधून निघाला, जगात पहिल्या क्रमांकावर पोचला आणि अलीकडच्या टोकियो ऑलिंपिकमधल्या सांघिक सुवर्णात वाटेकरी झाला.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये शेतावरच घोडा होता. १९६०च्या रोममध्ये ऑस्ट्रेलियाचा शेतकरी बिल रॉयक्रॉफ्ट गळपट्टीचे हाड मोडलेले असताना रुग्णालयातून उठून आला, शो-जंपिंगची फेरी पुरी केली आणि संघाला सुवर्ण मिळाले. न्यूझीलंडचा मार्क टॉड करिस्मा या लहानखुऱ्या घोड्यावर १९८४ आणि १९८८ असा लागोपाठ दोनदा ऑलिंपिकविजेता झाला. जर्मनीच्या मिखाएल युंगने २०१२, २०१६ आणि २०२४ अशी तीन वैयक्तिक सुवर्णे मिळवली. त्याच्या वडिलांची घोडेस्वारीची शाळाच होती. घराण्याचा अर्थ इथे पैशाहून व्यापक होतो. चालायला लागल्यापासून घोडा भोवती असणे हीच मोठी इस्टेट.

शिलेदार आणि बारगीर

मराठी वाचकाला हे सारे समजून घ्यायला परका दाखला नको. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई; बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवाजीमहाराजांनी पागेवर भर दिला. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार अशी तिची रचना बखरकार सभासदाने नोंदवली आहे. ज्याच्या घरी घोडा नाही, पण अंगात धमक आहे, त्याला स्वार होण्याची वाट या व्यवस्थेने दिली.

आजचे बहुतेक अव्वल इव्हेंटिंगस्वार बारगीरच आहेत. घोडा पंचतारांकित पातळीला यायला बरीच वर्षे लागतात. नालबंद, वैद्य, मोतद्दार, चारा, वाहतूक, प्रवेशशुल्क हा खर्च बक्षिसांतून निघत नाही. एक घोडा लंगडला की हंगाम बुडतो, म्हणून हाताशी चार-पाच लागतात. ते घोडे मालकांचे असतात, कधी एकाचे, कधी अनेकांनी मिळून घेतलेले. मालकाला वाटले तर चांगला घोडा दुसऱ्या स्वाराकडे जातो. म्हणूनच या खेळात ओळखी लागतात. फरक एवढाच, की महाराजांची पागा राज्याची होती आणि ही खासगी आहे. तिच्यात कुणाला घ्यायचे, हे ओळखीपाळखीवर ठरते.

आपल्याकडे

भारतात सार्वजनिक पागा खरोखर होती आणि तिने पदके दिली. संस्थानांची घोडदळे एकत्र करून १९५३मध्ये ६१ कॅव्हलरी उभी राहिली. शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्स त्यांतलेच. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत याच रेजिमेंटचा रघुबीर सिंग, शहजादा या घोड्यावर, इव्हेंटिंगच्या वैयक्तिक सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. गुलाम मोहम्मद खानला रौप्य, संघालाही सुवर्ण. साध्या जवानाला हे जमले, कारण घोडा सैन्याचा होता.

त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीतले पुढचे वैयक्तिक पदक मिळायला ३६ वर्षे लागली. २०१८मध्ये जकार्तात बंगळुरूच्या फवाद मिर्झाने रौप्य मिळवले आणि संघालाही रौप्य मिळाले. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो २३वा आला. त्याचे वडील घोड्यांचे डॉक्टर. सिनॉर मेडिकॉट हा त्याचा घोडा एका उद्योगसमूहाने घेऊन दिलेला. त्या घोड्यावर पूर्वी जर्मनीची ऑलिंपिकपटू बेटिना हॉय स्वारी करत असे, आणि फवाद तिच्याकडेच शिकायला गेला होता. फवादची गुणवत्ता निर्विवाद आहे. ती दिसण्यासाठी घर, धनी आणि गुरू तिन्ही जुळून यावे लागले. त्याआधी २०००च्या सिडनीत उतरलेल्या मुंबईच्या इम्तियाज अनीसलाही तयारीसाठी ऑस्ट्रेलिया गाठावी लागली.

परदेशी जाणे हौसेचे नव्हते. घोड्यांच्या रोगांबाबतच्या निर्बंधांमुळे भारतातला घोडा थेट युरोपात नेता येत नसे. म्हणून इथला स्वार इथल्या घोड्यावर शिकायचा आणि जगाशी झुंजायला तिकडचा घोडा घ्यायचा. ज्याला ते परवडत नाही, त्याची वाट तिथेच संपायची. २०२५च्या जुलैमध्ये मेरठच्या लष्करी अश्व केंद्राला रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ग्लँडर्स, सरा यांसारख्या रोगांपासून जपलेल्या त्या आवारातले घोडे आता बाहेर नेता येतील. पैशाची भिंत पहिल्यांदाच एका ठिकाणी खचली आहे.

महाराष्ट्राला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारीचे पथक आहे, मुंबईत महालक्ष्मीला रायडर्स क्लब आहे, पुण्या-मुंबईत शर्यतींतून निवृत्त होणारे थरोब्रेड आहेत. २०२३च्या हांगझौ आशियाई स्पर्धेतल्या भारताच्या तिघांच्या इव्हेंटिंग संघात अपूर्व दाभाडे आणि आशिष लिमये ही दोन मराठी नावे होती. उणीव आहे ती मधल्या पायरीची. ब्रिटनमध्ये १९२९पासून पोनी क्लबच्या शाखांनी गावोगावच्या मुलांना शिस्तीने शिकवले. तशी शाखा, तिथे संस्थेच्या मालकीचे घोडे, आणि तबेल्यात राबणाऱ्या होतकरू मुलामुलींना विद्यावेतन, एवढे तरी सरकारने आणि क्लबांनी मिळून उभे करावे. मोतद्दारांची मुले तर घोड्याच्या श्वासावर वाढलेली असतात. पहिली निवड त्यांच्यातून व्हावी.

गुणवत्ता आणि ओळखी यांत मोठे काय, हा वाद त्यानंतर घालावा. आज ज्या मुलांच्या हाती लगामच आलेला नाही, त्यांच्या गुणवत्तेबद्दल मत देण्याचा आपल्याला अधिकार नाही. आधी घोडा द्या, मग निकाल लावा.