गोरं करणारी ट्यूब, निळसर गाल

मे महिन्यातलं चंद्रपूर. बाहेर पारा 45च्या पुढे आणि आत कूलरसमोर आम्ही सगळ्या बहिणी मेंदी लावत बसलेल्या. लग्नघर म्हटल्यावर दंगा आलाच. पण अहेरीहून एसटीने आलेली माझी मावसबहीण ओढणी काही सोडेना. ‘‘काऊन वं, घरात कोणाला लाजते?’’ म्हणत मी ओढणी खेचली आणि गप्पच झाले. दोन्ही गालांच्या हाडांवर निळसर-राखाडी डाग.

‘‘ती ट्यूब तूच दिली होती ना,’’ ती म्हणाली.

खरं होतं. पुण्यात डॉक्टरांनी मला वांगासाठी एक क्रीम दिली होती, फक्त आठ आठवडे लावायला. उरलेली ट्यूब मी तिला दिली. महिन्याभरात तिचा चेहरा उजळला. स्टाफरूममध्ये कॉम्प्लिमेंट्स! मग काय, रिकामं खोकं मेडिकलवाल्याला दाखवायचं आणि नवी ट्यूब घ्यायची. अशी चार वर्षं गेली.

आधी ग्लो, मग डाग

दुसऱ्या दिवशी तिला स्किन स्पेशालिस्टकडे नेलं. निदान : ऑक्रोनॉसिस. क्रीममधलं हायड्रोक्विनोन त्वचेचा रंग तयार होण्याची प्रक्रिया अडवतं. पण वर्षानुवर्षं लावलं, वर आपल्याकडचं ऊन, की त्वचेच्या आतल्या थरात काळपट रंगद्रव्य साचतं. ते घासून जात नाही. उपचारही लांबलचक.

ट्यूबमध्ये स्टेरॉइडही होतं. त्याने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, पुरळ आणि लव वाढते. क्रीम बंद केली की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. म्हणून माणूस घाबरून पुन्हा तीच क्रीम लावतो!

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड हे मिश्रण 1975 साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं. गंमत बघा, त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत फिंडले यांनी हायड्रोक्विनोनने काळवंडलेल्या चेहऱ्यांची नोंद केली होती. आपल्याकडे 2018मध्ये सरकारने 14 स्टेरॉइड क्रीम्सची विनाचिठ्ठी विक्री बंद केली. कागदावर. अहेरीत मेडिकल हाकेच्या अंतरावर, स्किन स्पेशालिस्टसाठी मात्र एसटीत दिवस घालवायचा. मग चिठ्ठी कोण आणणार?

लेबलच नसेल तर?

तर धोका आणखी मोठा. अकोल्यात एका ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम आई आणि दोन मुलींनी लावली आणि तिघींनाही किडनीचा विकार जडला. तपासणीत क्रीममध्ये पारा सापडल्याची बातमी 2023मध्ये आली होती.

एवढं कराच

• ट्यूब उलटी करून वाचा. हायड्रोक्विनोन, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं, तर ते औषध आहे, कॉस्मेटिक नाही.

• आधीपासून लावत असाल तर डॉक्टरांना ट्यूब दाखवा. स्टेरॉइड कसं थांबवायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

• सनस्क्रीन, छत्री, ओढणी यांना पर्याय नाही.

• आणि आपली ट्यूब मैत्रिणीला देऊ नका. प्लीज.

लग्नाच्या फोटोंसाठी बहीण ओढणी न घेता उभी राहिली. फोटोग्राफर म्हणाला, ‘‘ताई, चेहरा एडिट करून देतो.’’ ती म्हणाली, ‘‘राहू द्या.’’

पुण्याला परतल्यावर मी आधी ऑफिसचा ड्रॉवर उघडला. आत अजून एक ट्यूब होती.