एका गुणाचा खेळ : बुलढाण्याचा प्रथमेश जावकर

ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर.

आपल्या जिल्ह्यात तिरंदाजीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "आपला प्रथमेश जावकर जगातल्या एक नंबरला हरवतो, एशियाडचं सुवर्ण आणतो, मग पॅरिस ऑलिंपिकला का नव्हता? कुठं कमी पडला का?" थोडक्यात उत्तर असं की तो कमी पडला नाही, त्याचा खेळच तिथं नव्हता. पण हे नीट समजायला आधी धनुष्य समजून घ्यावं लागतं.

स्पर्धेतली धनुष्यं मुख्यतः दोन प्रकारची. एक रिकर्व्ह, म्हणजे टोकांना बाहेर वळलेलं. ऑलिंपिकमध्ये आपण पाहतो ते हेच. दुसरं कंपाऊंड. याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की या चाकांमुळे हातावरचा ताण बराच उतरतो, त्यामुळे नेम स्थिर धरता येतो. नेम धरायला भिंग असतं आणि बाण सोडायला हातात खटक्याचं छोटं उपकरण असतं. प्रथमेश कंपाऊंडवाला. बुलढाण्यात चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली तो तयार झाला.

आता कुणी म्हणेल, एवढी सोय असेल तर सोपंच की! इथंच खरी गंमत आहे. सोय सगळ्यांनाच सारखी, म्हणून चूक कुणालाच परवडत नाही. लक्ष्य ५० मीटरवर. त्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. वैयक्तिक सामन्यात १५ बाण, एकूण १५० गुण. दोघं आळीपाळीनं बाण मारतात आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद. रिकर्व्हमध्ये सेट असतात, एक सेट गेला तरी पुढच्या सेटला पाटी कोरी. कंपाऊंडमध्ये तसं नाही. इथं सगळे गुण एकत्र मोजतात, त्यामुळे पहिल्या बाणाला गेलेला गुण शेवटपर्यंत अंगावर राहतो.

हे डोक्यात ठेवा आणि मग मे २०२३ चा शांघाय विश्वचषक बघा. प्रथमेश १९ वर्षांचा. अंतिम फेरीत समोर नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जागतिक क्रमवारीत पहिला. त्याला लोक 'मिस्टर परफेक्ट' म्हणतात ते उगाच नाही. इनडोअर स्पर्धेत ६०० पैकी ६०० गुण करणारा तो पहिला माणूस. निकाल लागला १४९-१४८. म्हणजे आपल्या पोरानं १५ बाणांत एक गुण गमावला आणि श्लोसरनं दोन. बस, एवढाच फरक.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या हर्मोसिओला वर्ल्ड कप फायनल झाली. या स्पर्धेत मोसमातले निवडक आठच जण असतात. उपांत्य फेरीत परत श्लोसर आला. या वेळी प्रथमेशनं १५० पैकी १५० मारले आणि १५०-१४९ असा जिंकला. अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या मथियास फुलर्टनशी १४८-१४८ बरोबरी झाली. मग शूट-ऑफ, एकेकच बाण. दोघांनीही दहा मारले. फुलर्टनचा बाण केंद्राच्या जास्त जवळ होता, म्हणून सुवर्ण त्याला आणि रौप्य आपल्याला. दहाच्या दहा मारूनही माणूस हरतो, असा हा खेळ.

ऑक्टोबरमध्ये हांगझोऊ एशियाड. अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी सांघिक अंतिम फेरीत दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवलं. मग वैयक्तिक स्पर्धेत प्रथमेशचं नाव का नाही? तिथं बाद फेरीत एका देशाचे दोघंच घेतात. भारताकडून ओजस आणि अभिषेक गेले आणि सुवर्ण-रौप्यही त्या दोघांनीच आणलं. जगातल्या अव्वल माणसाला दोनदा हरवलेल्या पोराची वाट इथं घरातल्याच स्पर्धेनं अडवली.

आता पॅरिसचं. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाऊंड प्रकारच नव्हता. २०२८ च्या लॉस एंजेलिसला तो पहिल्यांदा येतोय, पण फक्त मिश्र सांघिक. मिश्र म्हणजे एक पुरुष, एक महिला. म्हणजे अख्ख्या भारतातून पुरुषाची जागा एकच!

फुटबॉलमधल्या तरुण खेळाडूचा क्लबशी दोन-तीन वर्षांचा करार असतो. एक मोसम खराब गेला तरी जर्सी राहते. राष्ट्रीय संघातल्या तिरंदाजाला तशी हमी नाही. निवड चाचणी आली की जुनी पदकं घरी ठेवून परत रांगेत उभं राहायचं. किती कठीण ते बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांगजूला भारतानं कंपाऊंडचं सांघिक विश्वविजेतेपद जिंकलं. त्या संघात ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे होते. हांगझोऊच्या तिघांपैकी एकही नाही. (नावावरून गोंधळू नका, फुगे वेगळा, आपला जावकर वेगळा.) दोन वर्षांत अख्खा संघ बदलला आणि तरी सुवर्ण आलं. देशासाठी ही चैन आहे, खेळाडूसाठी टांगती तलवार.

शेवटी पालकांसाठी. पोराच्या हातात कुठलं धनुष्य द्यायचं, हे ठरवताना एवढं माहीत असू द्या. रिकर्व्हला ऑलिंपिकचं दार मोठं आहे, पण कोरियासारख्यांची भिंतही तितकीच उंच. कंपाऊंडमध्ये बुलढाण्याचं पोर विशीच्या आत जगज्जेत्यांना हरवू शकतं, हे आपण पाहिलंय. पण तिथं टिकायचं तर एका गुणावर रोज मेहनत लागते. आणि तो पोरगा कधी गावात भेटला, तर "ऑलिंपिकला का नाही गेला?" असं विचारू नका. हर्मोसिओचा तो शेवटचा बाण कसा होता, ते विचारा.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.