मोहाच्या रानातली राजधानी : सिरपूर

रायपूरहून आरंगमार्गे महानदीचा पूल ओलांडला, की थोड्या वेळाने कुहरीचा फाटा लागतो. तिथून डावीकडे वळलेला रस्ता रानातून थेट सिरपूरला पोहोचतो. अंतर सुमारे ८० किलोमीटर. महासमुंद जिल्ह्यातलं हे नदीकाठचं लहानसं गाव म्हणजे दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची राजधानी, प्राचीन श्रीपूर.

आधी लक्ष्मण मंदिर पाहावं. सातव्या शतकातलं हे विष्णुमंदिर दगडी जोत्यावर विटांनी उभारलेलं आहे. महाशिवगुप्त बालार्जुन राजाची आई वासटा हिने ते पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधवलं. भाजलेल्या विटेवर छिन्नी चालवून कोरलेल्या खोट्या खिडक्या आणि चैत्यकमानी आजही रेखीव आहेत. गाभाऱ्याची चौकट मात्र दगडाची. तिच्या माथ्यावर शेषशायी विष्णू आणि बाजूंना अवतारकथा.

गावात बौद्ध विहारही आहेत. १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात आनंदप्रभू कुटी विहार उजेडात आला. आतली भूमिस्पर्श मुद्रेतली भव्य बुद्धमूर्ती पाहताना एका मराठी संशोधकाच्या कष्टांची आठवण ठेवावी. तीवरदेव विहाराच्या दारावर पंचतंत्रातल्या गोष्टी कोरल्या आहेत. सुरंग टीला हे उंच चौथऱ्यावरचं शिवमंदिर. त्याच्या उभ्या चढणीच्या पायऱ्या मधूनच लाटेसारख्या वाकल्या आहेत. नदीकाठच्या गंधेश्वराची पूजा अजून अखंड चालू आहे. विष्णू, शिव आणि बुद्ध एकाच नगरात नांदले, हे इथे पायी फिरताना कळतं.

पण एवढं पाहून परतणं म्हणजे अर्धंच सिरपूर पाहणं. फ्रान्समधलं सेंट एमिलियाँ हे जुनं गाव १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, ते भोवतालच्या द्राक्षमळ्यांसकट. वास्तू आणि तिच्या भोवतीची शेती हा एकच वारसा मानला गेला. सिरपूरभोवती द्राक्षं नाहीत, मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडतो. बायका-मुलं टोपल्या घेऊन फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. ती खाल्ली जातात, विकली जातात आणि आंबवून, भट्टी लावून त्यांची दारूही गाळली जाते. आदिवासी घरांत ती देवाला चढते, लग्नात आणि मर्तिकातही लागते. पुढे फळं धरली, की बियांचं तेल निघतं. विदर्भातल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. गडचिरोली-गोंदियाचं रानही याच झाडावर जगतं.

म्हणून सिरपूरच्या माहितीफलकांवर राजांच्या वंशावळीबरोबर मोहालाही जागा हवी. वेचणाऱ्या हातांना पर्यटनातून चार पैसे मिळाले, तर रानही राहील आणि त्यातल्या वास्तूंनाही राखणदार मिळतील.

हिवाळा फिरायला सुखाचा. मोह बघायचा असेल तर मार्चअखेरीस पहाटे निघावं आणि ऊन चढण्याआधी मंदिरं आटपावीत. वाटेत आरंगचं भांड देऊळ हे जैन मंदिर जरूर पाहावं. परतल्यावर रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात जावं. सिरपूरच्या कांस्यमूर्ती तिथे आहेत. त्या पाहिल्यावरच या राजधानीच्या कारागिरांची खरी उंची लक्षात येते.