खुब्याचे क्ष-किरण चित्र : घरोघरी ठाऊक असावे असे काही

आम्ही व्यापारी मंडळी जन्मभर गादीवर मांडी घालून बसतो. ४८ मिनिटांचे सामायिकही बहुधा तसेच करतो. या साऱ्या बैठकीचा भार सोसणारा खुब्याचा सांधा दुखू लागेपर्यंत कोणाच्या ध्यानी नसतो. यास्तव त्याच्या क्ष-किरण तपासणीविषयी चार शब्द सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

कंबरेच्या हाडात दोन्ही बाजूंस उखळीसारखी खोलगट जागा असून मांडीच्या हाडाचे गोल डोके तीत फिरते. डोक्याखालील निमुळत्या भागास मान म्हणतात. उतारवयात हाडे ठिसूळ झाली म्हणजे साध्या पडण्यानेही ही मान मोडते.

जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले व १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. पोत्याचे तोंड न सोडता पोकळ सळई खुपसून आम्ही धान्य पारखतो. हे किरण तर भोकही न पाडता आतील हाडांचा हिशेब पुढे मांडतात. मांसातून ते सहज पार जातात, हाडातील चुना त्यांस अडवितो. म्हणून चित्रात हाड पांढरे उमटते.

या साध्या चित्रासाठी उपाशी राहावे लागत नाही, काही प्यावेही लागत नाही. त्यामुळे उपवास वा आयंबिल चालू असले तरी बाध येत नाही. मात्र किल्ल्या, नाणी, पट्टा, चांदीचा करदोडा आधीच उतरवून ठेवावा, कारण धातूची सावली हाडावर पडते. रुग्णास उताणे निजवून दोन्ही पावले किंचित आत वळवितात, म्हणजे मानेची पूर्ण लांबी दिसते. मोडल्याचा संशय असल्यास पाय बळेच वळवू नये. किरण सोडताना क्षणभर निश्चल राहावे. काही दुखत नाही.

किरणांचे भय अनेकांस वाटते. निसर्गातून वर्षभरात सरासरी जेवढे किरण प्रत्येकास मिळतात, त्याच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकेच या एका चित्रात मिळतात. तरीही विनाकारण चित्र काढू नये. गर्भवतीने, किंवा तशी शंका असलेल्या स्त्रीने, ते प्रथम सांगावे. येथे संकोच उपयोगाचा नाही. अगदी तान्ह्या मुलांचे खुब्याचे डोके कूर्चेचे असल्याने चित्रात दिसत नाही. त्यांच्यासाठी सोनोग्राफी बरी.

झिजलेल्या सांध्यात दोन हाडांमधील फट अरुंद दिसते. खुब्याचे दुखणे पुष्कळदा जांघेत व कधी गुडघ्यातही जाणवते, हेही ध्यानी असावे. चित्रासही मर्यादा आहेत : केसासारखी बारीक चीर प्रथम दिसत नाही, डोक्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागले तरी आरंभी चित्र निर्दोष येते. दुखणे कायम राहिल्यास डॉक्टर एम.आर.आय. सुचवितात.

आता मुख्य गोष्ट. घरातील वडीलधारी स्त्री न्हाणीघरात घसरते. 'मुका मार आहे' म्हणून तेल चोळले जाते, हाडवैद्य बोलाविला जातो आणि चार दिवस निघून जातात. पडल्यावर उभे राहवत नसेल, पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसत असेल, तर चोळू नये, चालवू नये. आडवे ठेवूनच रुग्णालयात न्यावे. सुरतेत मजुरा गेटचे नवीन सिव्हिल व महानगरपालिकेचे स्मीमेर ही रुग्णालये आहेतच. मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत होणे हितकर, कारण अंथरुणास खिळल्याने पाठीस जखमा, फुफ्फुसदाह आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे संकट ओढवते. म्हाताऱ्या माणसाचा प्राण बहुधा यांतच जातो.

उधारीची वसुली चार दिवस लांबली तर व्याज लावता येते. येथे गेलेला वेळ कोणत्याही व्याजाने भरून निघत नाही. एवढे प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावे, ही नम्र विनंती. जय जिनेन्द्र.